पदवीची मागची बाजू

ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घेऊन गणिताचे शिक्षक होण्याचा मार्ग आता कायद्याने खुला आहे. मात्र या मार्गाने निघालेल्या विद्यार्थ्याला शेवटच्या टेबलावरून परत पाठवले जाणार नाही, एवढी साधी हमी देणे शासनाला अजून जमलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात बिहारमधील सुपौल जिल्ह्यातून एका तरुणीचा दूरध्वनी आला. तिचे वडील रेल्वेत होते आणि एके काळी सरकारी वसाहतीत आमचे शेजारी होते. त्या नात्याने ती मला चाचाजी म्हणते. तिचे वय अठ्ठावीस, शिक्षण गणित विषय घेऊन बी.एस्सी., घरी चार वर्षांचा मुलगा. प्रखंडाच्या गावी, म्हणजे महाराष्ट्रातील वाचकांनी तालुक्याचे गाव समजावे अशा ठिकाणी, एका खासगी शाळेत ती महिना आठ हजार रुपयांवर सातवी-आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. पदव्युत्तर गणिताचा विभाग बसने दोन-अडीच तासांवर आहे आणि कोसीच्या पाण्याचे दिवस आले की त्या बसचाही भरवसा नसतो.

तिचा प्रश्न सरळ होता. ‘चाचाजी, ऑनलाइन एम.एस्सी. करू का? मला सरकारी शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवायचे आहे. वर्षभराच्या पगाराइतकी फी आहे. ती भरून दोन वर्षे अभ्यास केला आणि मग कोणी म्हणाले की ही पदवी चालत नाही, तर?’

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला तत्काळ देता आले असते. दुसऱ्या भागापाशी मी थांबलो, कारण ‘ही पदवी चालत नाही’ असे सुचवणाऱ्या माणसाच्या खुर्चीत मी स्वतः बसलेलो आहे.

गणिताच्या शिक्षकांचा दुष्काळ

प्रथम या तरुणीची देशाला गरज आहे की नाही, ते पाहू. बिहारने २०२३ मध्ये लोकसेवा आयोगामार्फत सुमारे १ लाख ७० हजार शिक्षकांची भरती काढली. त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने उमेदवार बिहारचाच रहिवासी असण्याची अट काढून टाकली. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंग्रजी या विषयांसाठी राज्यात पुरेसे योग्य उमेदवार मिळत नाहीत, असे कारण तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी दिले होते. पाटण्यात त्यावरून आंदोलने झाली. नोव्हेंबरमध्ये सुमारे १ लाख २० हजार नियुक्तिपत्रे देण्यात आली, त्यांत परराज्यांतील उमेदवारांचाही समावेश होता. पुढे २०२५ मध्ये सरकारने पुन्हा स्थानिकांना प्राधान्य देण्याचे ठरवले. रहिवासाच्या अटीवर मतभेद असू शकतात, पण एका सरकारने आपल्याकडे गणिताचे शिक्षक पुरेसे नाहीत हे उघड मान्य केले, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

याचे परिणाम वर्गात दिसतात. ‘असर’च्या २०२३ च्या अहवालासाठी २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची पाहणी झाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण त्यांतील सुमारे ४३ टक्क्यांनाच सोडवता आले. गणित व विज्ञान हे विषय दहावीपर्यंत सर्वांना अनिवार्य असावेत, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली होती. विषय अनिवार्य करणे एका शासननिर्णयाने साधते. तो शिकवू शकणारी माणसे तयार करायला पिढ्या लागतात, आणि ते काम आपण अर्धवट सोडले.

आता तिच्यापुढच्या पायऱ्या मोजू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार उच्च माध्यमिक शिक्षकासाठी संबंधित विषयात किमान ५० टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. या दोन्ही गोष्टी लागतात. बिहारमध्ये त्यावर राज्य पात्रता परीक्षा आणि मग लोकसेवा आयोगाची भरती परीक्षा. म्हणजे चार दरवाजे. त्यांतील पहिला, पदव्युत्तर पदवीचा, आता घरबसल्या उघडता येतो. बी.एड. तसे घरबसल्या करता येत नाही, दूरस्थ बी.एड. हे प्रामुख्याने सेवेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी आहे आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा सराव त्यातही टळत नाही. तो टळू नये, हे योग्यच आहे.

पत्राने शिकण्याचा साठ वर्षांचा इतिहास

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे मागे जावेसे वाटते. घरी राहून विद्यापीठाची पदवी मिळवण्याची कल्पना इंटरनेटबरोबर आलेली नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे विद्यालय सुरू केले, ते डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून. १९८२ मध्ये हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नोकरदार, गृहिणी, सैनिक, तुरुंगातील कैदी अशा अनेकांच्या हाती या संस्थांनी पदव्या दिल्या.

या उजळ इतिहासाला एक काळी किनारही आहे. दूरस्थ शिक्षणाचे नियमन १९९१ पासून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या छत्राखालील एका परिषदेकडे होते. म्हणजे स्वतः दूरस्थ शिक्षण देणारी संस्थाच इतरांच्या दूरस्थ शिक्षणावर देखरेख करत होती. ही व्यवस्था २०१३ मध्ये संपुष्टात आली आणि जबाबदारी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेली. दरम्यानच्या काळात काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची संधी देण्यात आली, त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. निकाल आवश्यक होता, यात शंका नाही. पण त्याने ‘दूरस्थ’ या शब्दावर जो डाग पडला, तो प्रामाणिकपणे चालणाऱ्या संस्थांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अंगालाही लागला.

आजची चौकट अधिक स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२० च्या नियमावलीने दूरस्थ आणि ऑनलाइन अशा दोन्ही अभ्यासक्रमांना एका नियमात आणले. मूल्यांकनात वरचा दर्जा असलेल्या विद्यापीठांनाच ऑनलाइन पदवी देता येते, फ्रँचायझी नेमून अभ्यासक्रम चालवण्यास बंदी आहे, आणि अभियांत्रिकी, वैद्यक, विधी यांसारख्या शाखा या पद्धतीतून वगळल्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केले की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही पारंपरिक पद्धतीच्या पदवीच्या समकक्ष मानली जाईल. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम, त्यांतील एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, करण्याची मुभाही मिळाली. २०२४ पासून विद्यार्थ्याला प्रवेशाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा क्रमांक घ्यावा लागतो, जेणेकरून अमान्य अभ्यासक्रमात कोणी फसू नये.

मग अडचण कोठे आहे?

माझ्या सहीची एक टिप्पणी

सुमारे अठरा वर्षांपूर्वी एका राज्यात उच्च माध्यमिक शिक्षकांच्या निवडीनंतर कागदपत्रांची पडताळणी चालू होती आणि त्या समितीचा मी प्रमुख होतो. पस्तिशीतला एक प्राथमिक शिक्षक समोर आला. लेखी परीक्षेत गणितात तो वरच्या क्रमांकात होता. नोकरी सांभाळून त्याने पत्रद्वारा एम.एस्सी. केले होते. मी प्रमाणपत्र उलटून पाहिले. मागे अध्ययनाची पद्धत आणि अभ्यासकेंद्राचा पत्ता छापलेला होता. सहकाऱ्यांपैकी कोणालाही त्याबाबतचा नियम खात्रीने सांगता येईना. मी कागदावर लिहिले : ‘पदवीच्या समकक्षतेबाबत सक्षम प्राधिकरणाचे मार्गदर्शन मागवावे. तोपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवावे.’

प्रशासनात असे वाक्य निर्दोष मानले जाते. ते लिहिणाऱ्यावर कधीही ठपका येत नाही. मार्गदर्शन आले ते चौदा महिन्यांनी. पदवी वैध होती. तोवर निवडसूचीची मुदत संपली होती. पुढच्या भरतीत तो वयाच्या मर्यादेबाहेर गेला होता. मी तेव्हा दुसऱ्या खात्यात होतो आणि ही हकीकत मला एका सहकाऱ्याकडून, सहज बोलण्याच्या ओघात कळली. कोणीही नियम मोडला नव्हता. एक चांगला गणितशिक्षक मात्र एका शाळेला मिळाला नाही, आणि सही माझी होती.

हे जुने झाले, आता तसे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी अलीकडचे एक प्रकरण पाहावे. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत प्रशिक्षण पूर्ण करण्याची मुदत मिळाली. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरून पदविका अभ्यासक्रम चालवला. बारा लाखांहून अधिक शिक्षक त्यात दाखल झाले. अभ्यासक्रम सरकारचा, मंच सरकारचा, मुदत संसदेने ठरवलेली. तरीही २०१९ मध्ये बिहारच्या भरतीत प्रश्न उभा राहिला की ही पदविका दोन वर्षांची नसून अठरा महिन्यांची आहे, म्हणून ती नव्या नेमणुकीस चालणार नाही. पाटणा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेशी समतुल्य नसल्याचे म्हटले. पुढे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सेवेत असलेल्यांना संरक्षण आहे, असा खुलासा केला. इतक्या शिक्षकांना आपल्या हातातील कागदाची किंमत कळायला सहा वर्षे आणि अनेक सुनावण्या लागल्या.

मूळ दोष घटनात्मक रचनेइतकाच सवयीचाही आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा संघसूचीतील विषय, शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, आणि राज्याच्या सेवेतील नेमणुका राज्याच्या अखत्यारीत. दिल्लीतील आयोग म्हणतो पदवी समकक्ष आहे. राज्यातील भरती मंडळाच्या जाहिरातीत त्याबद्दल एक ओळ नसते. आणि पडताळणीच्या टेबलावरचा अधिकारी, जसा मी होतो तसा, जबाबदारी टाळण्यासाठी मार्गदर्शन मागवतो. विद्यार्थ्याने नियम पाळले, तरी नियमांचा अर्थ लावण्याचा धोका त्याच्याच पदरात पडतो.

ऋण गुणिले ऋण

पण प्रश्न केवळ वैधतेचा नाही. पदवी वैध ठरली तरी तिने गणिताचा शिक्षक घडतो का, हे विचारायलाच हवे.

तिने सांगितलेला एक प्रसंग घेऊ. सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, ऋण एक गुणिले ऋण एक याचे उत्तर धन एक कसे येते? हिने उत्तर दिले, ‘नियम आहे, लक्षात ठेव.’ मला ती म्हणाली, ‘चाचाजी, मलाही शाळेत असेच सांगितले होते.’

पदव्युत्तर अभ्यासक्रमात बीजगणिताच्या अमूर्त रचना शिकवतात. त्यांतील वलय नावाच्या रचनेच्या अगदी प्रारंभीच्या उदाहरणांत या प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. ऋण एकला, ऋण एक आणि धन एक यांच्या बेरजेने गुणले, तर ती बेरीज शून्य असल्याने गुणाकारही शून्य. कंस सोडवला की दोन पदे मिळतात : ऋण एक गुणिले ऋण एक, आणि ऋण एक गुणिले एक. दुसरे पद ऋण एक आहे. तेव्हा एकूण शून्य येण्यासाठी पहिले धन एकच असले पाहिजे. सातवीच्या मुलीला समजेल इतके हे सोपे आहे. पण विद्यापीठाच्या वर्गात ते सातवीच्या मुलीसाठी म्हणून कोणी सांगत नाही, आणि बी.एड.च्या वर्गात वलयाचा उल्लेखच होत नाही.

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी ही दरी १९०८ मध्येच दाखवून दिली होती. विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेचे गणित विसरायला लागतो आणि शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठाचे गणित विसरून जातो, अशी ही दुहेरी तुटातूट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गटिंगेनमध्ये त्यांनी शिक्षकांसाठी प्राथमिक गणिताकडे उच्च दृष्टिकोनातून पाहणारी व्याख्याने दिली. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या गणित अध्यापनाच्या अभ्यासगटानेही गणिताची भीती, परीक्षांची पद्धत आणि शिक्षकांची अपुरी तयारी यांवर बोट ठेवले. ही त्रुटी वर्गात बसून शिकणाऱ्यांच्या पदवीतही आहे. ऑनलाइन पद्धतीला वेगळी शिक्षा देण्याचे कारण नाही.

तरी ऑनलाइन गणिताचा एक धोका वेगळा आहे. गणित म्हणजे सिद्धता लिहिणे. ती चुकणे, आणि कोणीतरी चुकलेल्या ओळीखाली रेघ मारून ‘हे कसे?’ असे विचारणे. ध्वनिचित्रफीत पाहून आपल्याला समजले असे वाटते, बहुपर्यायी प्रश्नांत गुणही मिळतात, पण कोऱ्या कागदापुढे बसल्यावर पहिली ओळ सुचत नाही. मद्रास आयआयटीच्या ऑनलाइन पदवीच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला स्वाध्याय असतात आणि मुख्य परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागतात. अध्यापन दुरून व्हावे, परीक्षा समोरासमोर व्हावी, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

येथे महाराष्ट्रातील वाचकांना देवळालीच्या द. रा. कापरेकरांची आठवण होईल. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शाळामास्तरांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधून जगभरच्या गणितप्रेमींना वेड लावले. आजच्या नियमांत ते अकरावीला शिकवण्यास अपात्र ठरले असते. अपवादांवरून धोरण आखता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्ञान आणि प्रमाणपत्र यांत गल्लत होऊ नये एवढी जाणीव तरी अशा अपवादांनी द्यावी.

काय करता येईल?

करण्याजोग्या गोष्टी खर्चिक नाहीत. पहिली, प्रत्येक शिक्षकभरतीच्या जाहिरातीत स्पष्ट ओळ असावी की प्रवेशाच्या दिवशी आयोगाच्या मान्यतायादीत असलेली दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ग्राह्य आहे आणि पडताळणीच्या टप्प्यावर समकक्षतेचा प्रश्न उपस्थित केला जाणार नाही. दुसरी, नियम बदलला तर तो पुढील प्रवेशांना लागू व्हावा. दारातून आत आलेल्यांना मागाहून बाहेर काढू नये. तिसरी, गणिताच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमात लेखी, प्रत्यक्ष केंद्रावरील परीक्षा आणि हाताने तपासलेल्या सिद्धता सक्तीच्या असाव्यात. चौथी, शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी शालेय गणिताला उच्च गणिताशी जोडणारा एक विषय असावा. पाचवी, १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये या विद्यार्थ्यांसाठी महिन्यातून दोन दिवस मार्गदर्शन ठेवता येईल. इमारती आहेत, अध्यापक आहेत, आणि त्यांच्याच जिल्ह्याला गणिताचे शिक्षक हवे आहेत.

तिला मी काय सांगितले? मान्यता यादीत विद्यापीठाचेच नव्हे, त्या अभ्यासक्रमाचे आणि त्या वर्षाचे नाव पाहा आणि ते पान छापून ठेव. माझ्या सिद्धता कोण तपासणार, परीक्षा कोठे होणार, हे लेखी विचार. एम.एस्सी.बरोबरच नियमित बी.एड. करण्याचा मोह झाला, तर राज्याच्या भरती नियमांत ते बसते का, याची आधी खात्री कर. रोज एक उदाहरण कागदावर सोडव आणि आठवड्यातून एकदा ते कोणाला तरी समजावून सांग. ती हसून म्हणाली, ‘सातवीच्या मुलींना सांगीन.’

तिने प्रवेश घेतला आहे. रात्री मुलगा झोपल्यावर ती व्याख्याने ऐकते. ऋण एकचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला तिने फळ्यावर उत्तर करून दाखवले, असे तिने मागच्या महिन्यात कळवले. पदवी, बी.एड., पात्रता परीक्षा, भरती असे सारे नीट पार पडले, तर चार-पाच वर्षांनी एखाद्या सरकारी कार्यालयात तिची कागदपत्रे तपासली जातील. त्या टेबलामागे बसलेल्या माझ्या उत्तराधिकाऱ्याला माझी विनंती आहे : प्रमाणपत्र उलटून मागची बाजू जरूर पाहावी, ते आपले कर्तव्यच आहे. पण शंका आली तर मार्गदर्शन मागवण्यापूर्वी नियम स्वतः वाचावा. तो सापडायला अर्धा तास लागतो. मी तो अर्धा तास दिला नव्हता.

(लेखक सनदी सेवेतील निवृत्त अधिकारी आहेत.)